रविवारपुरती कॅप

शीलाताईंच्या तिळाच्या वडीने आजवर दारव्ह्यातल्या कितीतरी घरांत गोड बोलण्याचा निश्चय मोडला असेल. नरहरपंत पांढरीपांड्यांच्या तोंडातली तिने दाताची कॅपच काढली.

नरहरपंतांना आधी वाटलं, खडा आहे. तो त्यांनी जिभेने गालाकडून पुढे आणला, बोटावर घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पाहिलं. बाहेरून पांढरट, आतून काळपट धातूची, एका कडेचा कपचा उडालेली अशी ती वस्तू त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. वरच्या ओळीतला, सुळ्याला लागून असलेला दात; हसलं की दिसणारा आणि खाल्लं की लागणारा. ‘वडी छान झाली हो,’ असं ते शेजारधर्म म्हणून म्हणाले खरे, पण ‘छान’ म्हणताना जीभ नेहमीच्या ठिकाणी थांबलीच नाही, आणि काहीतरी बिघडल्याचं ओळखून शीलाताईंनी वड्यांचं ताट आवरतं घेतलं.

“दोन वर्षांपासून सांगून राहिले मी,” त्यांच्या पत्नी रजनीताई म्हणाल्या. “हिरडीशी काळी रेघ दिसते म्हणून. मेथीचं पान अडकलं की संध्याकाळपर्यंत निघत नाही. आणि वास येतो ते तर मी बोलतच नाही.”

“ही कॅप पर्मनंट आहे,” नरहरपंत कॅपकडे पाहत म्हणाले.

जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेचे अधीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. पर्मनंट झालेल्याला रीतसर चौकशीशिवाय जागेवरून हलवता येत नाही, या तत्त्वावर त्यांनी भल्याभल्या साहेबांशी वाद घातले होते. कॅप बसवणाऱ्या डॉक्टरांनी ‘आता पर्मनंट झाली बघा’ म्हणून सांगितल्यापासून त्या दाताविषयी ते निश्चिंत होते. मधल्या काळात ते डॉक्टर म्हातारे होऊन मुलाकडे राहायला गेले, नरहरपंत निवृत्त झाले, आणि कॅप मात्र काही न बोलता काम करत राहिली. तिची कधी साधी विचारपूसही झाली नाही.

एरवी हा दात चार-दोन आठवडे थांबला असता. पण येत्या रविवारी आर्णीला जायचं होतं.

नरहरपंतांची मुलगी स्पृहा नागपुरात नोकरीला. तिथेच तिची आणि आर्णीच्या अंकुरची ओळख झाली आणि दोघांनी लग्नाचं ठरवलं. अंकुरचे वडील पुंडलिकराव कापूस-तुरीचे मोठे शेतकरी. जात वेगळी. नरहरपंतांनी ऐकताक्षणी होकार दिला, आणि ‘आम्ही असलं काही मानत नाही’ हे वाक्य ज्याला विचारायचंही नव्हतं त्यालाही ऐकवलं. पुंडलिकरावांनी मात्र होकार राखून ठेवला होता. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, “साहेब, रविवारी वावरात रोडगे ठेवले हायेत. खानार ना आमच्या हातचं?”

“अहो, चार खाईन!” नरहरपंत गरजले होते.

स्पृहाने नंतर त्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं. “बाबा, त्यांना एकच धाकधूक आहे. तुम्ही लोक पोरगी द्याल, पण उद्या त्यांच्या घरी जेवाल का. जे आपल्या पंगतीला बसत नाहीत त्यांच्याशी सोयरीक करायची नाही, असं त्यांनी अंकुरला साफ सांगितलंय. तुम्ही फक्त पोटभर जेवा. बाकी काही बोललं नाही तरी चालेल.”

बाकी काही न बोलणं ही अट नरहरपंतांना जड होती, जेवण्याची नव्हती. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा. आत लुसलुशीत आणि बाहेरून असा टणक, की चांगला भाजलेला रोडगा कुत्र्याला फेकून मारला तर कुत्रं लंगडतं. आता तो एका भोकाच्या भरवशावर खायचा होता.

शेजारच्यांना कळायला वेळ लागला नाही, कारण वडी शीलाताईंची होती. त्यांनी पश्चात्ताप म्हणून लवंगेचं तेल पाठवलं आणि मागोमाग स्वतः येऊन पुसदच्या जावेच्या दातांची साद्यंत कथा सांगितली; तिच्यात जावेचे दात कमी आणि जावेची कुरापत जास्त होती. कोपऱ्यावरच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या दुकानातला विक्की म्हणाला, “काका, सगळेच काढून टाका एकदम. रोजची कटकटच नाही.” त्याचा धंदा पाहता तो सल्ला दूरदृष्टीचा होता. सगळ्यात ठाम होते ते भिंतीपलीकडचे पूनमसिंग राठोड. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ जगातली कुठलीही वस्तू बिघडली असं मानतच नसे.

“चिपकवून टाका साहेब,” पूनमसिंग म्हणाले. “त्यात काय? एकदा दिग्रसच्या घाटात माह्या गाडीचा आरसा निघाला, असा चिपकवला, गाडी भंगारात गेली पण आरसा नाही हालला.”

“पूनमसिंग, हा दात आहे.”

“आरशापेक्षा लहानच हाय ना?”

उत्तर सुचेना की नरहरपंत नियमावर बोट ठेवत. नियमाप्रमाणे दाताच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. ते गेले.

डॉ. दिपाली ठमके वयाने स्पृहाएवढी. तिने तोंडात दिवा घातला, आरसा फिरवला, एक्स-रे काढला आणि म्हणाली, “काका, कॅप बदलावी लागेल.”

“बदलायची कशाला? आहे तीच बसवा. पर्मनंट आहे ती.”

“आतला दात धडधाकट असता आणि कॅप नीट बसत असती, तर मी पाच मिनिटांत तीच बसवून दिली असती. पण हिरडी वर सरकली, कॅपची कड उघडी पडली, त्या फटीतून आतल्या दाताला कीड लागली. वरचा कपचा उडालाय तो वेगळाच. रात्री दात खाता का तुम्ही?”

“मी कशाला दात खाऊ? मी निवृत्त झालो.”

“खातात,” बाहेरच्या बाकावरून रजनीताईंचा आवाज आला. “कारकिर्दीतल्या सगळ्यांवर.”

“पण कॅप घातली होती ना कीड लागू नये म्हणून?” नरहरपंतांनी मुद्दा सोडला नाही.

“कॅपला कीड लागत नाही काका, दाताला लागते. वर पत्रे टाकले म्हणून खालच्या भिंतीला वाळवी लागत नाही असं थोडंच आहे? वर्षातून एकदा दाखवायला हवं होतं. दहा-पंधरा वर्षं टिकते कॅप, कुणाची त्याहून जास्तही. पण टिकते म्हणजे विसरून जायचं असं नाही.”

नरहरपंतांना हे पटलं. पटलेलं चेहऱ्यावर दाखवायची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी जुनी कॅप परत मागितली. “माझी वस्तू आहे,” ते म्हणाले. दिपालीने ती पुडीत बांधून दिली, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या पुडीत होतं.

आता दात खरवडायचा, हिरडी थोडी कापायची, म्हणजे सुई द्यायची. सुई द्यायची तर आधी बीपी पाहायचं. पाहिलं. बीपीचा आकडा बघून दिपालीने सुई खाली ठेवली आणि त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

नेहमीच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. “टेन्शन दिसतंय. कशाचं?”

“दाताचं.”

“मग आधी दात करून घ्या. बीपी आपोआप उतरेल.”

नरहरपंत परत दिपालीकडे. ती म्हणाली, “आधी बीपी उतरू द्या, मग दात.” ते पुन्हा नेहमीच्या डॉक्टरांकडे निघाले, आणि रस्त्यात मध्येच थांबून हसले. दोन टेबलांच्या मध्ये अडकलेली फाईल! आयुष्यभर त्यांनी असल्या फायली अडकवल्या होत्या आणि, मन मोठं केलं तेव्हा, सोडवल्याही होत्या. दोन्ही टेबलांना एकाच वेळी एकमेकांशी बोलायला लावणं हा त्यावरचा एकमेव उतारा. त्यांनी दिपालीला फोन लावला, नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवला आणि स्पीकर चालू केला. दोघांनी एकमेकांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणत, एक गोळी आणि एक रात्र झोप यावर तडजोड केली. दुसऱ्या दिवशी बीपी उतरलं. या विजयाने नरहरपंत इतके खूश झाले, की सुई टोचली तेव्हा त्यांनी फक्त पायाचे अंगठे वळवले.

दात साफ झाला, माप नागपूरच्या लॅबला गेलं. पण लॅबवाल्याच्या मेहुणीचं लग्न निघालं, आणि शनिवारी येणारी कॅप सोमवारवर गेली. तोवर दिपालीने प्लास्टिकची तात्पुरती कॅप बसवून दिली.

“हिच्यावर फक्त मऊ खायचं काका. खिचडी, वरणभात. कडक काही नको.”

“रोडगा?” नरहरपंतांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

दिपाली हसली. तिला तो विनोद वाटला.

घरी आल्यावर रजनीताईंनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. “पुंडलिकरावांना फोन करा आणि सांगा, दाताचं काम चालू आहे, मऊ वाढा.”

“अशक्य!” नरहरपंत म्हणाले. पहिल्यांदा व्याह्यांच्या दारी जायचं आणि जाण्याआधी कळवायचं की आमचे दात पडायला आलेत? चार रोडगे खाईन म्हणालेला माणूस पेज मागणार? मुलीच्या बापाला काही प्रतिष्ठा असते की नाही? रजनीताई म्हणाल्या, असते, पण ती सुळ्याशेजारी नसते. नरहरपंतांनी ते ऐकलं नाही.

उलट त्यांनी शनिवारी दुपारी रोडग्याची रंगीत तालीम करायचं ठरवलं. गोवऱ्या कुठून आणणार, म्हणून रजनीताईंनी गॅसवर, झाकणाखाली एक रोडगा भाजून दिला. त्यांनी तो रागानेच भाजला असल्यामुळे तो अस्सलपेक्षाही टणक झाला. नरहरपंतांनी डाव्या बाजूने सुरुवात केली. डाव्या बाजूला उत्तम जमलं. आत्मविश्वास वाढला. मग त्यांनी उजवीकडून चावून पाहिलं, आणि तात्पुरत्या कॅपचे दोन तुकडे ताटात पडले.

दवाखान्याला कुलूप. दिपाली पुसदला शाळेच्या दंत तपासणी शिबिराला गेलेली. फोनवर म्हणाली, “घाबरू नका काका. तसंच राहू द्या, मऊ खा, सोमवारी नवी बसवते. आणि एक, घरी काही चिकटवाचिकटव करू नका.” नरहरपंतांनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य केलं.

पूनमसिंग चिकटवायची नळी घेऊनच आले. चपला, बादल्या, चष्म्याच्या काड्या, सगळं त्या नळीने जोडलेलं त्यांच्या घरी होतं. नरहरपंत खिडकीशी खुर्चीत मान मागे टाकून बसले. पुडीतली जुनी कॅप बाहेर निघाली. पूनमसिंगांनी तिच्यात थेंब टाकला, जरा कमी वाटला म्हणून अजून एक टाकला, कॅप जागेवर ठेवली आणि तर्जनीने दाबून धरली.

“आ... आ...” नरहरपंत म्हणाले. याचा अर्थ ‘वाकडी बसली’ असा होता.

“हालू नका. दमानं. पक्की होऊ द्या,” पूनमसिंग म्हणाले, आणि ती खरोखरच पक्की झाली. मग ते ‘झालं’ म्हणून बोट काढायला गेले, तेव्हा बोटाबरोबर नरहरपंतांची मानही पुढे आली. त्यांनी पुन्हा ओढलं. नरहरपंत खुर्चीतून अर्धवट उठले.

“याडी ओ!” पूनमसिंगांनी आपल्या आईला हाक मारली.

नेमक्या त्या वेळी शीलाताई प्रायश्चित्ताची मऊ खिचडी घेऊन दारात आल्या. समोर दोन निवृत्त, प्रतिष्ठित गृहस्थ. एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडात, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरा आईशिवाय काही बोलत नव्हता. शीलाताईंनी खिचडी उंबऱ्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता त्या निघून गेल्या. गावात पुढे ही हकीकत कोणकोणत्या रूपांत फिरली, ते न सांगितलेलं बरं.

रजनीताईंनी कोमट पाणी आणि गोडेतेल घालघालून शेवटी बोट सोडवलं. थोडी कातडी कॅपवरच राहिली. कॅप मात्र हलेना. ती तिरपी, आणि इतर दातांपेक्षा चांगली नखभर लांब बसली होती. तोंड मिटायला गेलं की खालचे दात तिच्यावर टेकत आणि बाकीचे तसेच अधांतरी राहत. नरहरपंतांचा चेहरा कायम काहीतरी सांगायला निघालेल्या माणसासारखा झाला.

रविवारी पूनमसिंगांनी जावयाची जीप काढली, बोटाला पांढरी पट्टी बांधून. “कुणाकडे एक अक्षर बोलायचं नाही,” नरहरपंतांनी त्यांना बजावलं. ते वाक्य त्यांना तीनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा ते कळलं नाही. रजनीताई आर्णी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुंडलिकरावांच्या वावरात तुरी काढून झाल्या होत्या. कडुनिंबाखाली सतरंज्या टाकलेल्या, पलीकडे गोवऱ्यांचा आर पडलेला, पातेल्यात वांग्याची भाजी रटरटत होती, आणि भावकीतली माणसं धुतलेले कपडे घालून वाट पाहत होती. पुंडलिकराव दुपट्टा सावरत पुढे आले. “या साहेब! या बाई! लय आनंद झाला.” त्यांची बायको बेबीताई पाण्याचे गडवे घेऊन आली. अंकुर नागपूरहून आलेल्या स्पृहाजवळ उभा राहून उगाच सतरंजी सरळ करत होता.

नरहरपंतांनी हात जोडले. हसले नाहीत, कारण हसलं की लांब दात दिसायचा. बोलले नाहीत, कारण बोललं की लाळ यायची. तोंड मिटत नव्हतं, म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकातोंडाशी धरला. आणि धुराने भरलेल्या त्या वावरात, गोवऱ्यांच्या आराशेजारी, इस्त्रीचा सदरा घातलेला तो माणूस नाकाला रुमाल लावून बसला, तो कसा दिसत होता हे एकट्या त्यालाच ठाऊक नव्हतं.

“धूर होऊन राह्यला काय?” बेबीताईंनी विचारलं.

“हं,” नरहरपंत म्हणाले. भावकीत नजरानजर झाली.

पंगत बसली. पुंडलिकरावांनी स्वतः टोपलीतला पहिला रोडगा उचलला, दोन हातांत दाबून फोडला आणि नरहरपंतांच्या ताटाकडे नेला. रोडग्यातून वाफ निघाली. नरहरपंतांनी त्या कडक पापुद्र्याकडे पाहिलं, जबड्यात एक कळ येऊन गेली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मला... आज उपवास आहे.”

रजनीताईंचा हात भाजीच्या वाटीवर थांबला.

“कोन्ता जी?” बेबीताईंनी विचारलं.

“रविवारचा.”

“बाप्पा! आधी सांगाव ना. थांबा, साबुदाना टाकतो मी लगेच.”

“राहू दे बेबी,” पुंडलिकराव शांतपणे म्हणाले. “साबुदाना बी आपल्याच चुलीवरचा राह्यते.”

पुंडलिकरावांनी तो फोडलेला रोडगा परत टोपलीत ठेवला. “राग नाही साहेब. पन साफ सांगतलं असतं तं बरं झालं असतं. फोनवर चार खाईन म्हनले, इथं आले तं नाकाले रुमाल लावला. मले वाटलंच होतं. पोरं लहान हायेत, त्यायले हे समजत नाही. तुमचं झालं की सावकाश निघा. जबरदस्ती कायची?”

नरहरपंतांनी आधी स्पृहाकडे पाहिलं. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडली नव्हती. तिने हातातला घास ताटात ठेवला होता आणि मान खाली घातली होती, आणि तिला आपली लाज वाटते आहे हे नरहरपंतांना पहिल्यांदा कळलं. आयुष्यात त्यांची भीती अनेकांना वाटली होती, राग तर पुष्कळांना आला होता. पण पोटच्या पोरीला वाटलेली लाज ही काय चीज असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. ‘आम्ही असलं काही मानत नाही’ म्हणत गावभर फिरलेला माणूस एका दातापायी तेच सिद्ध करून बसला होता.

त्यांनी रुमाल फेकला. टोपलीतला तोच रोडगा उचलला, तुपाच्या वाटीत बुडवला आणि उजव्या बाजूला घालून जीव खाऊन चावला.

कट्ट असा आवाज झाला. पलीकडच्या बाभळीवरचे कावळे उडाले, असं पूनमसिंग नंतर सांगत; तेवढं काही झालं नाही. पण पंगतीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. नरहरपंतांनी तोंडात बोटं घातली, कॅप बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून पुंडलिकरावांपुढे धरली.

“हा बघा माझा उपवास,” ते म्हणाले. आणि तोंड मिटत असल्यामुळे त्यांचा आवाज कालपासून पहिल्यांदा स्वच्छ आला. “कॅप निघाली होती. डॉक्टरीण बाईंनी मऊ खायला सांगितलं होतं. तुम्हाला कळवायची लाज वाटली म्हणून मी घरीच ती चिकटवली, ती वाकडी बसली, तोंड मिटेना, म्हणून रुमाल लावला. जेवणाची लाज वाटली नाही हो पुंडलिकराव. दाताची वाटली. मी मूर्खपणा केला. त्याची शिक्षा माझ्या पोरीला देऊ नका.”

“गवाह हाय मी!” पूनमसिंग मागून ओरडले आणि त्यांनी पट्टी बांधलेलं बोट उंच केलं. “हे बोट यायच्या तोंडात चिपकलं होतं! चमडी गेली माही!”

पहिल्या हसल्या बेबीताई. पदर तोंडात कोंबूनही त्यांचं हसू आवरेना. मग अंकुर हसला, मग सगळी भावकी. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी ती कॅप दोन बोटांत उचलून उन्हात धरली.

“येवढीशी?” ते म्हणाले. “हिच्यापायी तुम्ही माह्या वावरात सुतकात बसल्यावानी बसले? साहेब, काहून असं केलं जी? मले तं रात्री झोप लागली नसती.” आणि मग त्यांचाही धीर सुटला आणि ते गदगदून हसू लागले. हसता हसता त्यांनी तोंड उघडून आतल्या दाढेकडे बोट केलं. “मले बी हाय. पुसदले बसवलेली. अधीमधी कळ मारते. पाहा बरं.”

नरहरपंतांनी चष्मा सारखा केला. एका क्षणात त्यांचा आवाज, बैठक आणि भुवया आपापल्या जागी परत आल्या. त्यांनी पुंडलिकरावांना उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि भर पंगतीत व्याख्यान सुरू केलं. “हिरडीशी काळी रेघ आहे. फट आहे. अन्न अडकतं? वास येतो? चावताना दुखतं? मग थांबायचं नाही! कॅप नुसती निघाली आणि आतला दात निरोगी असला तर तीच परत बसते. पण कपचा उडाला, कॅप हलायला लागली, आत कीड लागली, की बदलायची. कॅपला कीड लागत नाही, पुंडलिकराव, दाताला लागते. वर पत्रे टाकले म्हणून भिंतीला वाळवी लागत नाही असं थोडंच आहे?”

“वा!” भावकी म्हणाली.

“कुणाकडून ऐकलं हे?” रजनीताईंनी विचारलं. नरहरपंतांना त्या क्षणी कमी ऐकू आलं. तोवर दोन काका आणि एक आत्या तोंड उघडून रांगेत आली होती, आणि समोरच्या दातात खिडकी असलेला तो माणूस प्रत्येकाला मोठ्या विश्वासाने सांगत होता, की घरी चिकटवाचिकटव करायची नाही, अजिबात नाही.

“आता पुरे झाली त्यायची डॉक्टरी,” बेबीताई म्हणाल्या. त्या येऊन नरहरपंतांच्या ताटासमोर बसल्या. त्यांनी टोपलीतला गरम रोडगा घेतला, वरचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवला आणि आतला गोळा त्यांच्या ताटात हातानेच चुरला. वरण ओतलं. पाचही बोटांनी तो काला कालवला, गाठ राहिली ती चेपली. रोडगे असे चुरून देतात ते दात गेलेल्या म्हाताऱ्यांना आणि दात न आलेल्या पोरांना. नरहरपंत दोन्हींपैकी कुणी नव्हते, आणि सगळी पंगत बघत होती. त्यांनी मुकाट्याने घास घेतला. वरण तिखट होतं, असं त्यांनी डोळे पुसताना सांगितलं. मग दुसरा घेतला, मग तिसरा, आणि ताट पुसून बेबीताईंपुढे सरकवलं.

पुंडलिकरावांनी ते पुसलेलं ताट पाहिलं. मग पोराला हाक मारली.

“ए अंकुर, तूप आन इकडं. इवायाचं ताट कोरडं दिसून राह्यलं.”

व्याह्यांना त्या भागात इवाई म्हणतात, आणि भर पंगतीत उच्चारलेला हा शब्द मग मागे घेता येत नाही. नरहरपंतांनी ताट परत पुढ्यात ओढलं. स्पृहाने डोळे पुसले आणि ताटात ठेवलेला घास उचलला.